एमबीएसाठी वावर विकू नका

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले, की परतवाडा-अचलपूरच्या पालकांचे तेच प्रश्न सुरू होतात. ‘सर, पोराले एमबीएले फॉरेनले पाठवाचं हाय, कितीक लागतीन?’ ‘एजंट म्हणते जानेवारीची अ‍ॅडमिशन पक्की, खरं हाय काय?’ आणि मग आवाज खाली जातो, ‘चार एकर संत्रा हाय. इकाव का गहाण ठेवाव?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. विकूही नका, गहाणही ठेवू नका. निदान पोराच्या हातात कोरी पदवी असताना तरी नाही.

परदेशातली नामांकित एमबीए ही बी.ई.नंतरची पुढची इयत्ता नाही. हार्वर्ड, व्हार्टन, इन्सेड, लंडन बिझनेस स्कूल इथल्या वर्गात बसणाऱ्यांच्या गाठीशी साधारण चार-पाच वर्षांची नोकरी असते. तिथला अभ्यास बराचसा वर्गातल्या चर्चेवर चालतो. ज्याने कधी गिऱ्हाईक सांभाळलं नाही, हाताखालच्या माणसाची नाराजी झेलली नाही, तो त्या चर्चेत काय बोलणार? ‘अनुभव नको, जीमॅट प्रवेश परीक्षा नको, बारावीचं इंग्रजी चालतं’ असं सांगून जिथे प्रवेश मिळतो, तिथे फी तगडी असते आणि पुढच्या नोकरीची हमी कुणीच देत नाही. एजंट तुमच्याकडून पैसा घेत नाही म्हणून त्याला देवमाणूस समजू नका. बहुतेक वेळा प्रवेश झाला, की त्याचं कमिशन विद्यापीठ देतं.

आता हिशेब. अमेरिकेतल्या वरच्या कॉलेजात दोन वर्षांची फी, राहणं-खाणं धरून खर्च दोन कोटींच्या घरात जातो. त्यातलं एक कोटी कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३८ हजार. शिकत असताना चढणारं व्याज वेगळं. डॉलरमध्ये पगार सुरू झाला तर हे कर्ज फिटतं, पण तो सुरू राहणं पोराच्या हातात नाही. अमेरिकेत शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येतं. अभ्यासक्रम ‘स्टेम’ म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या गटातला असेल तर आणखी दोन वर्षं मिळतात. पुढे नोकरीच्या एच-१बी व्हिसाची सोडत, तीही वर्षाला ८५ हजार जागांची. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. नियम असे अचानक बदलत असताना नवख्या माणसाला ठेवायला किती कंपन्या तयार होतील, याचा विचार बाग गहाण टाकायच्या आधी करा.

बाकीचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भराभर सांगतो. आयआयएमसाठी कॅट. थोडा अनुभव असेल तर हैदराबादची आयएसबी. नुकत्याच पदवीधर झालेल्याला युरोपातच जायचं असेल, तर एमबीए नव्हे, ‘मास्टर्स इन मॅनेजमेंट’ बघावं. ते फ्रेशरसाठीच असतं. शेवटच्या वर्षाला असलेल्या हुशार पोरापोरींनी हार्वर्डची ‘टू प्लस टू’ योजना जरूर वाचावी: अर्ज आज करायचा, मग निदान दोन वर्षं नोकरी आणि त्यानंतर प्रवेश. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणून गणिताचा हात बसलेला असतानाच परीक्षा देऊन ठेवावी. सव्वादोन तासांची परीक्षा, गुण २०५ ते ८०५.

पण चांगल्या स्कोअरने काम झालं, असं समजू नका. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपनीतला, उत्तम गुणांचा इंजिनीअर मुलगा हा भारतातून येणाऱ्या अर्जांचा ठरलेला साचा आहे. एकाच साच्याच्या पोरांनी वर्ग भरायला कोणतंही कॉलेज तयार नसतं. दहा गुण आणखी वाढवून तुम्ही त्या गर्दीतून बाहेर पडत नाही. बाहेर काढतं ते तुमचं काम.

म्हणून माझा हट्टाचा सल्ला असा: दोन-तीन वर्षं संत्र्याच्या धंद्यात काढा. हसू नका. आपल्याकडे व्यापारी झाडावरची फळं बघून अख्ख्या बागेचा सौदा करतो, इसार देतो आणि तोडणी लांबवत नेतो. फळगळ झाली की भाव पाडतो, बारीक फळ चुरी म्हणून बाजूला काढतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं तेव्हा त्याचा फटका थेट वरूड-मोर्शी-अचलपूरच्या बागांना बसला. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत बसून ग्रेडिंग, कोटिंग, कॅरेटचा हिशेब आणि दिल्लीच्या आडत्याची उधारी सांभाळली, तर सप्लाय चेन, किंमत, जोखीम हे सगळे विषय पोराच्या अंगवळणी पडतात. नाशिकजवळ मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ बघून या. ती उभी करणारे विलास शिंदे राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेले कृषी अभियंता आहेत. द्राक्ष उत्पादकांना एकत्र आणून त्यांनी माल युरोपात पोहोचवला.

तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं आणि का, हे स्टॅनफर्ड अर्जदारांना वर्षानुवर्षं विचारत आलं आहे. ‘मला लीडरशिपची आवड आहे’ या वाक्याला तिथे किंमत नाही. ‘आमच्या भागातले साठ बागायतदार व्यापाऱ्याच्या नजरेच्या अंदाजाऐवजी वजनावर माल विकायला तयार झाले, त्यांना तयार करताना मी दोनदा तोंडघशी पडलो,’ असं कुणी खरं लिहू शकला, तर वाचणारा पुढचं पान उलटेल. परतवाड्याच्या डेपोत मेळघाटचं सागवान लिलावाला येतं, त्या व्यवहारातही असंच शिकायला आहे. आणि शेतमालाचं हेच काम आयुष्यभर करावंसं वाटलं, तर शिक्षण देशातच आहे. आणंदची इर्मा ही व्हर्गिस कुरियन यांनी १९७९ साली उभारलेली संस्था २०२५ च्या कायद्याने त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली आहे. अहमदाबाद आयआयएममध्ये अन्न व कृषी व्यवसायाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. कृषी पदवीधरांसाठी हैदराबादची ‘मॅनेज’ ही संस्था आहे.

आता पालकांशी बोलतो. मी मुलाला विचारतो, ‘तुला एमबीए कशाला करायचं?’ उत्तर वडील देतात. मुलगा मोबाइलकडे बघत असतो. हाच मुलगा उद्या मुलाखतीला बसणार आहे, आणि तिथे तुम्हाला खुर्ची नाही. शिफारसपत्र आमदारसाहेबांकडून आणू नका. ते पत्र वरिष्ठाने स्वतः कॉलेजच्या पोर्टलवर भरायचं असतं, आणि त्यात पोराचं काम दिसायला हवं, तुमची ओळख नव्हे. निबंध पैसे देऊन लिहून घेऊ नका. मुलाखतीत पोरगा आपल्याच निबंधावर अडखळतो. बरीच कॉलेजं निवड झाल्यावर नोकरी-पगाराची पडताळणीही करून घेतात. मावसभावाचा पोरगा टेक्सासला गेला, हे तर पोराला पाठवायचं मुळीच कारण नाही.

कुणीतरी हमखास सांगतं, भाऊसाहेबही विलायतेला गेले होते. गेले होते. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी तिथून बॅरिस्टरी आणि डॉक्टरेट आणली, अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांचं नाव घ्यायचं असेल तर ते परत येऊन काय करत होते, तेही पोराला सांगा.

कर्जासाठी बाग पुढे करण्याआधी जे. एन. टाटा एन्डाउमेंट बघा. परदेशी शिक्षणासाठी ते १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीच्या अटी समाज कल्याणच्या कार्यालयात जाऊन वाचाव्यात, एजंटच्या तोंडून ऐकू नयेत. एवढं करून, तीन-चार वर्षांचं काम गाठीशी बांधून, पोरगा किंवा पोरगी स्वतः अर्ज घेऊन आली, तर मी सप्टेंबरच्या पहिल्या फेरीसाठी शेजारी बसून तो अर्ज तपासून देईन. त्या आधी आलात, तर मी नोकरीचीच चौकशी करणार.