गाडी जुनी, पकड ताजी : टायर घेताना मामाचा कानमंत्र

पोरी, माझी 2010 ची वॅगनआर आता चिपळूणला तुझ्या दारात उभी राहणार. 15 वर्षं भरली तेव्हा आरटीओची तपासणी करून आरसी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत. टायर तेवढे मुद्दाम बदलले नाहीत, ते तू स्वतः पारखून घ्यावेस म्हणून. काल फोनवर म्हणालीस, "मामा, एवढ्या जुन्या गाडीला भारी टायर कशाला? स्वस्तातले टाकू." कराडला येताना कुंभार्ली घाट तू चढणार, उतरणार, तोही पावसात, आणि शेजारी माझी ताई बसलेली असणार. म्हणून हे लिहून पाठवतोय. सावकाश वाच, मग दुकानात जा.

1. आधी एक गोष्ट मनात पक्की कर : किंमत गाडीची उतरली, आत बसणाऱ्यांची नाही — सगळ्यांचा भार चार टायर पेलतात, आणि एकेक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा.

2. जुन्या गाडीला टायर नव्या गाडीपेक्षा जास्त जपून निवडावा — एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं. आपल्या गाडीत ते नाही, म्हणून ओल्या रस्त्यावर चाक अडकू न देण्याचं काम रबराची पकड आणि तुझा पाय या दोघांनाच करायचं आहे.

3. पण दुकानातला सर्वांत महाग टायरही नको — तो दीडशेच्या पुढे पळणाऱ्या गाड्यांसाठी असतो. आपल्याला शंभरच्या पुढे जायचंच नाही, तर त्या वेगाचे पैसे आपण का भरायचे?

4. वर्षाला किती चालवणार ते आधी मोज. समज, 8,000 किलोमीटर झाले, तर पाच वर्षांत 40,000 — अशा वापरात टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, रबर कडक पडतं. म्हणून "लाखभर किलोमीटर चालेल" या बोलीला जास्त पैसे देऊ नकोस, पावसातल्या पकडीला दे.

5. स्वस्त टायर पहिल्या उन्हाळ्यात हसवतो, दुसऱ्या पावसाळ्यात रडवतो — मी 2013 साली नाव न ऐकलेले चार टायर घातले होते. जूनच्या पहिल्या सरीत कुंभार्ली उतरताना पुढच्या एसटीने ब्रेक मारला, मीही मारला; चाकं थांबली, गाडी थांबेना. एसटीच्या मागच्या बंपरपाशी वीतभर अंतर राहिलं. तुझी मामी घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. टायरमागे वाचवलेले सातशे रुपये मी त्या दिवसापासून हिशेबात धरलेले नाहीत.

6. वापरलेला टायर कितीही चकचकीत दिसो, घेऊ नकोस — काळं पॉलिश वरून दिसतं. खड्ड्यात आपटून आत तुटलेला धागा कुणालाच दिसत नाही.

7. रिमोल्डलाही आपल्या गाडीत जागा नाही — वरची नक्षी नवी असते, सांगाडा जुनाच. उन्हात, भरल्या गाडीत, तापल्या रस्त्यावर तो सांगाडा किती दम धरेल हे सांगता येत नाही.

8. टायरवरचा चार आकडी शिक्का स्वतः वाकून वाच, मोबाइलची बॅटरी लावून — '2325' म्हणजे 2025 सालचा 23 वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापेक्षा जुना परत कर. हा शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, तेव्हा टायर उलटून दाखवायला सांग.

9. दुकानाबाहेर उन्हात मांडून ठेवलेला टायर नको, आतला मागून घे — ऊन रबराचं तेज आधी खातं आणि जीव मागून. घेतलेल्या टायरवर आयएसआयची खूणही बघ, ती सक्तीची आहे.

10. 145/80 आर13 75एस हे पाठ कर आणि तेच माग — यातला 75 म्हणजे एका टायरला 387 किलोचा भार चालतो, एस म्हणजे 180 च्या वेगापर्यंत. यापेक्षा कमी आकडा दुकानदाराने पुढे केला तर गोड बोलून नाही म्हण.

11. रुंद टायरचा मोह टाळ, पोरी — स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल जास्त लागतं आणि पूर्ण वळवताना टायर आतून घासतो. दुसऱ्याचा जोडा शोभेल, चालणार मात्र आपल्यालाच आहे.

12. चपला बदलण्याआधी पाय बघावा : जुने टायर काढले की त्यांच्यावरून हात फिरव — जुनी गाडी आपलं दुखणं टायरवर लिहून ठेवते. मधोमध झिजला तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडलेली, आणि खड्डे खड्डे हाताला लागले तर शॉकअप संपलेले. ते दुखणं काढल्याशिवाय घातलेला भारी टायरही वर्षभरात तसाच होईल.

13. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घे. दोनच जमत असतील तर नवे दोन मागे घाल — पुढचं चाक घसरलं तर हाताला कळतं, वेग कमी करून सावरता येतं. मागचं घसरलं की गाडी गरकन फिरते. दुकानदार पुढे घालू म्हणेल, तू ऐकू नकोस.

14. भाव विचारताना नवा व्हॉल्व्ह, बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून विचार, आणि पक्कं बिल घे — टायरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर कंपनी आधी बिल मागते. तोंडी हमी दुकानाच्या पायरीवरच राहते.

15. नवे टायर घातल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालव — साच्यातून निघालेल्या रबराच्या अंगावर गुळगुळीतपणा असतो, तो रस्त्यावर जायला वेळ लागतो.

16. हवा स्वस्त, म्हणून तीच आपण विसरतो : दर 15 दिवसांनी बघ, तीही सकाळी, गाडी थंड असताना — चालून आलेल्या टायरमधली हवा फुगलेली असते, आकडा खोटा दिसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं आहे, पंपावरच्या मुलाला विचारू नकोस.

17. कमी हवेने लांब पल्ल्याला कधी निघू नकोस, समृद्धी महामार्गावर तर नाहीच — कमी हवेचा टायर दर फेऱ्याला वाकतो, तापतो आणि फुटतो. सिमेंटचा सरळ रस्ता आणि मे महिन्याचं ऊन, तिथे टायर पूर्वसूचना देत नाही.

18. नायट्रोजन भरायचा आग्रह झाला तर हरकत नाही, पण त्यासाठी खिसा रिकामा करू नकोस — साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. वेळच्या वेळी भरलेली साधी हवा चांगली.

19. दर 8 ते 10 हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून घे — आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढते, म्हणून पुढचे लवकर झिजतात.

20. नक्षीच्या खोबणीत आडव्या बारीक पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला — ती 1.6 मिलिमीटरची कायद्याची हद्द. पण कोकणच्या पावसात तेवढी वाट बघू नकोस, 3 मिलिमीटर उरली की बदल, कारण खोबणीच पाणी बाहेर टाकते.

21. टायरच्या बाजूला फुगा दिसला किंवा बारीक भेगा पडल्या की नक्षी बघत बसू नकोस, टायर बदल — फुगा म्हणजे आतला धागा तुटला. पंक्चर काढता येतं, तुटलेला धागा शिवता येत नाही.

22. स्टेपनीचीही हवा बघ आणि जॅक-पाना एकदा दारातच चालवून बघ — रात्री घाटात, पावसात, पहिल्यांदाच जॅक उघडायची वेळ येऊ नये.

तर माझा निवाडा असा : ओळखीच्या कंपनीचा, मधल्या भावाचा, ताज्या तारखेचा, नेमक्या मापाचा टायर, चारही सारखे. त्यातून पैसे वाचले तर अलाइनमेंटला लाव, वरच्या डौलाला नको. आणि पहिल्या पावसाआधी, मे महिन्यातच हे काम उरक. टायर घेतलेस की चार आकडी शिक्क्याचा फोटो मला पाठव, मग कुंभार्ली चढून ये. मी दारात वाट बघतोय.