गळ, खाडी आणि कॅमेरा: खर्च किती?

डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावर गळ टाकून बसलं की मावळतीचं दृश्य फुकट मिळतं. ते टिपायला मात्र थोडे पैसे लागतात, आणि बरेच जण ते उलट्या क्रमाने घालतात: आधी लेन्स, मग तिला खारं पाणी लागल्यावर पिशवी. खालचे दर अंदाजे आहेत. दुकानागणिक फरक पडेल.

फक्त फोन असेल तर
- बांबूची दांडी, तंगूस, गळ, शिसे: १५० ते २५० रु.
- तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग: ४०० ते ८०० रु.
- फोनला चिमट्याने लावायचा पोलरायझर फिल्टर: ४०० ते ७०० रु.
- छोटा ट्रायपॉड: ३०० ते ६०० रु.

एकूण १,२५० ते २,३५० रु.

कॅमेरा असेल तर
- पोलरायझर: १,५०० ते ३,००० रु.
- ड्राय बॅग: ४०० ते ८०० रु.
- ट्रायपॉड: १,५०० ते २,५०० रु.
- घरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सिलिका जेल: १०० ते २०० रु.

दांडी सोडून ३,५०० ते ६,५०० रु.

पोलरायझर पाण्यावरची चकाकी कापतो, झाडीचा हिरवा रंग उठावदार करतो. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याशी असताना तो सर्वांत चांगलं काम करतो. पहाटेच्या अंधुक उजेडात काढून ठेवा, कारण तो बराच प्रकाश खातो. पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तेव्हाही त्याची गरज नाही.

बिनपैशाचं वेळापत्रक
तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे उजाडताना आणि मावळताना खाडी भरलेली. ही भांगाची भरती असल्याने पाण्याला जोरही कमी. पौर्णिमा-अमावास्येला पहाटे ओहोटी असते, तेव्हा उघड्या चिखलावर पक्षी चरतात. खाडीत जितकं आत, तितकी भरती उशिरा पोचते. कल्याण-डोंबिवलीकरांनी त्याप्रमाणे वेळ पुढे धरावी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे फक्त कॅमेरा न्या, दांडी घरी ठेवा.

प्रवास
ठाणे-कल्याण लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट १० रु. गर्दीच्या वेळी दांडी घेऊन चढणं नको; पहिल्या गाड्या बऱ्या. गोड्या पाण्यासाठी टिटवाळ्याची काळू नदी, खाडीसाठी घोडबंदर रस्त्यावरचं गायमुख. होडी हवी असेल तर भाडं, वेळ आणि माणसं आधी ठरवा. पावसाळ्यात धरण-नदीकाठी प्रवेशबंदी असते का, ते निघण्यापूर्वी पाहा.

थांबण्यासारखा खर्च
पक्ष्यांसाठीची लांब पल्ल्याची लेन्स विकत घेऊ नका. दिवसाला साधारण ५०० ते १,००० रुपयांत ती भाड्याने मिळते. अनामत रकमेची पावती घ्या आणि काचेवरचे ओरखडे दुकानातच दाखवून ठेवा. मासा हाताळलेला हात पुसल्याशिवाय काचेजवळ नेऊ नका. त्यासाठी जुना पंचा पुरतो.

हातात पाचशेच रुपये असतील, तर पिशवी घ्या. बाकीचं पुढच्या पगाराला.