पायथन काढताय? आधी विचारा, आणलं कुणी?

विंडोजवर एखादं सॉफ्टवेअर नकोसं झालं की आपण कंट्रोल पॅनेल उघडतो, यादीतलं नाव शोधतो, अनइन्स्टॉल दाबतो आणि मेसला निघून जातो. हीच सवय घेऊन आपल्यातले बरेच जण उबंटूवर येतात. गेम किंवा प्लेअर काढताना ती सवय खपून जाते. पायथन काढताना मात्र ती अंगाशी येते, कारण विंडोजवरचं पायथन हे तुम्ही आणलेलं असतं आणि उबंटूमधलं पायथन उबंटूने स्वतःच्या कामासाठी ठेवलेलं असतं.

म्हणजे नेमकं काय? सॉफ्टवेअर अपडेटरची खिडकी, आपोआप होणारे सिक्युरिटी अपडेट, प्रोग्रॅम कोसळल्यावर 'रिपोर्ट पाठवू का' असं विचारणारं ॲपोर्ट, आणि चुकीची कमांड टाइप केली की 'हे पॅकेज टाकून बघा' असं सुचवणारा तो शहाणा प्रोग्रॅम, हे सगळे पायथनमध्ये लिहिलेले आहेत. उबंटू २०.०४ सोबत पायथन ३.८ येतं, २२.०४ सोबत ३.१० आणि २४.०४ सोबत ३.१२. हे सिस्टिमचं पायथन. ते आपल्या प्रोजेक्टसाठी नाही, आणि काढण्यासाठी तर नाहीच नाही.

आमच्या मजल्यावर लॅपटॉप रुसला की पोरं माझ्या खोलीचं दार वाजवतात. मागच्या सेमिस्टरला एक एसई-चा मुलगा आला. दुसऱ्या दिवशी मिनी प्रोजेक्टचा रिव्ह्यू, आणि लॅपटॉप चालू केला की काळा पडदा, त्यावर फक्त लॉगिन विचारणारी एक ओळ. माउस नाही, डेस्कटॉप नाही. उबंटू २२.०४ होतं. त्याने सोर्स कोड उतरवून पायथन ३.१२ स्वतः कंपाइल करून टाकलं होतं, प्रोजेक्टची एक लायब्ररी त्यावर चालेना, म्हणून 'सगळं साफ करून नव्याने सुरुवात करू' असं ठरवून त्याने 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३' दिलं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.) ॲप्टने जाणाऱ्या पॅकेजेसची लांबच लांब यादी दाखवली, तीत 'उबंटू-डेस्कटॉप' हे नावही होतं. पण यादी कोण वाचतो? 'वाय' दाबलं.

त्याचं नशीब असं की ॲप्ट स्वतः सी++ मध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे पायथन गेलं तरी ते जिवंत राहतं. नेटवर्क मॅनेजरही यादीतून वाचला होता, म्हणून 'एनएमसीएलआय' कमांडने मोबाइलचा हॉटस्पॉट जोडता आला. मग '/व्हार/लॉग/ॲप्ट' मधली हिस्टरीची फाइल उघडली. ॲप्टने कधी काय काढलं याची तारीख-वेळेसह नोंद तिथे असते. 'उबंटू-डेस्कटॉप' परत टाकलं, ते आपल्याबरोबर पायथन आणि बाकीचं सामान घेऊन आलं, जे उरलं ते नोंद बघून एकेक टाकलं. रात्रीचा दीड वाजला. प्रोजेक्टच्या फाइल्सना धक्का लागला नव्हता, कारण ॲप्ट कधीच होम फोल्डरला हात लावत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. एवढं सगळं झाल्यावर 'पायथन३' टाइप केलं, तर ३.१२ हजर! जे काढायचं होतं ते जागच्या जागी, आणि जे काढायचं नव्हतं ते गेलं होतं. कारण ॲप्टला फक्त स्वतः आणलेल्या वस्तू ठाऊक असतात. हाताने कंपाइल केलेलं पायथन त्याच्या वहीतच नाही. ते असलं काय, नसलं काय, ॲप्टच्या लेखी सारखंच.

तेव्हा पहिला प्रश्न 'कसं काढू' हा नसून 'हे आणलं कुणी' हा आहे. 'टाइप -ए पायथन३' ही कमांड द्या. शेलला त्या नावाचे जेवढे प्रोग्रॅम सापडतात तेवढे सगळे क्रमाने दिसतात. मग प्रत्येक पत्ता घेऊन 'डीपीकेजी -एस' ला विचारा, एस कॅपिटल. '/यूएसआर/बिन/पायथन३' विचारलंत तर 'पायथन३-मिनिमल' असं पॅकेजचं नाव येईल, म्हणजे ते ॲप्टचं. '/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३' विचारलंत आणि असा पत्ता कुठल्याच पॅकेजमध्ये नाही असं उत्तर आलं, तर ते हाताने आलेलं. ज्या दाराने आलं त्याच दाराने बाहेर काढायचं.

ॲप्टने आणलेलं जादा पायथन असेल, समजा डेडस्नेक्स पीपीए मधून ३.९ घेतलं होतं, तर काम सोपं. 'रिमूव्ह' प्रोग्रॅम काढतो पण सिस्टिममधल्या कॉन्फिगरेशन फाइल्स ठेवतो, 'पर्ज' त्याही काढतो. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत ओळीच्या सुरुवातीला 'आरसी' दिसलं तर समजा, पॅकेज गेलंय पण त्याची कॉन्फिगरेशन मागे राहिलीय. कमांड आधी '-एस' लावून द्या, इथे एस स्मॉल. मग ॲप्ट फक्त नाटक करून दाखवतं, काढत काहीच नाही. यादीत 'डेस्कटॉप' शब्द दिसला की तिथेच थांबा. पॅकेजच्या नावात '३.९' पूर्ण लिहा, आणि नावापुढे चांदणी तर चुकूनही देऊ नका. 'पायथन३*' म्हणजे त्या नावाने सुरू होणारं सगळं घरदार. नंतर 'ऑटोरिमूव्ह' द्यायचं असेल तर त्याचीही यादी वाचा.

सोर्समधून टाकलेलं पायथन मात्र चिवट. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये 'मेक अनइन्स्टॉल' असतं, पायथनच्या मेकफाइलमध्ये ते नाही. त्यामुळे शोधून शोधून काढावं लागतं. '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये पायथन३, पायथन३.१२, पिप३, पायडॉक३, आयडल३ आणि कॉन्फिगच्या फाइल्स. 'लिब' मध्ये पायथन३.१२ नावाचं मोठं फोल्डर आणि 'लिबपायथन' ची फाइल. 'इन्क्लूड' मध्ये हेडर. 'शेअर/मॅन' मध्ये मॅन्युअलचं पान. इथे एक खाच आहे. '/यूएसआर/लोकल/लिब' मध्ये ३.१० चंही फोल्डर दिसू शकतं आणि त्यात 'डिस्ट-पॅकेजेस' असतं. ते सिस्टिमच्या पायथनचं आहे, डेबियन-उबंटूची ती पद्धत आहे. तुमचं ते 'साइट-पॅकेजेस' वालं. पुसण्यापूर्वी प्रत्येक नावातला आकडा बघा. पुन्हा कधी कंपाइल करायची हौस आली तर कॉन्फिगर करताना प्रीफिक्स म्हणून '/ऑप्ट' खाली एक वेगळं फोल्डर द्या आणि 'मेक इन्स्टॉल' ऐवजी 'मेक ऑल्टइन्स्टॉल' वापरा. मग काढायचं म्हणजे एक फोल्डर उडवायचं, बस्स.

पुसून झाल्यावर 'पायथन३' टाइप केलं आणि '/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३' सापडत नाही अशी तक्रार आली, तर काही बिघडलेलं नाही. शेलने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. 'हॅश -आर' दिलं की तो विसरतो.

पायएन्व्ह किंवा ॲनाकोंडा होम फोल्डरमध्येच राहतात. फोल्डर पुसायचं आणि 'बॅशआरसी' फाइलमध्ये त्यांनी घातलेल्या ओळी काढायच्या. फोल्डर पुसण्याआधी मात्र एक काम नक्की करा. त्या पायथनवर बनवलेली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असतील तर ती सगळी बंद पडणार, कारण त्यांच्या आतलं पायथन हे बहुतेक वेळा मूळ पायथनकडे बोट दाखवणारी लिंक असते. प्रत्येकात जाऊन 'पिप फ्रीझ' चं उत्तर फाइलमध्ये साठवून ठेवा. त्या यादीवरून नव्या पायथनवर तेच सामान पुन्हा भरता येतं. फायनल इयरच्या मंडळींनी तर हे आजच करून ठेवावं.

माझं मत विचाराल तर निम्म्या वेळा पायथन काढायची गरजच नसते. खटका उडालेला असतो तो लायब्ररींचा, आणि त्यावर वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हा दोन मिनिटांचा उपाय आहे. उबंटू २३.०४ पासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये लायब्ररी टाकायला सरळ नकार देतं. मग पोरं इंटरनेटवरून 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय उचलतात. अरे बाबांनो, नावातच सांगितलंय की तो काय करणार आहे! तसंच 'अपडेट-अल्टरनेटिव्हज' ने पायथन३ चं बोट दुसऱ्या व्हर्जनकडे फिरवणं. असं केलं की काही उबंटूंवर टर्मिनलच उघडत नाही, कारण ते उघडणारी छोटी स्क्रिप्टसुद्धा पायथनची असते आणि तिला सिस्टिमचंच व्हर्जन लागतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जा, लॉगिन करा आणि बोट परत जागेवर आणा.

सगळं आटोपल्यावर 'टाइप -ए पायथन३' पुन्हा द्या. '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' अशा दोन ओळी दिसल्या तर 'अजून एक राहिलं' म्हणून पुसायला धावू नका. हल्लीच्या उबंटूत '/बिन' ही '/यूएसआर/बिन' कडे जाणारी लिंक आहे. पायथन एकच आहे, आणि ते उबंटूचं आहे.