चर्चचा जंगलाशी काय संबंध?

प्रश्न : पोप फ्रान्सिस ॲमेझॉनच्या जंगलाबद्दल आणि तिथल्या आदिवासींबद्दल वारंवार बोलत, असं वाचलं. धर्मगुरूंना जंगलाशी काय देणंघेणं? आणि आपल्याकडे कुणा कॅथलिक माणसानं असं काम केलं आहे का?
— एक वाचक, वडगाव शेरी, पुणे

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचं उत्तर आपल्या राज्यातच आहे. १९७८ साली डहाणू-जव्हारच्या वारली पाड्यांवर कष्टकरी संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी प्रदीप प्रभू हे येशूसंघातून, म्हणजे जेझुइट पंथातून आलेले. वारली कुटुंबं पिढ्यानपिढ्या जी जमीन कसत होती, ती वनखात्याच्या दप्तरी अतिक्रमण ठरलेली होती. हाती कागद असलाच तर एखाद्या एकसाली, म्हणजे वर्षापुरत्या कसायला दिलेल्या प्लॉटचा, नाहीतर वनखात्यानं केलेल्या दंडाची पावती. हा प्रश्न प्रभू यांनी १९८६ च्या याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात नेला. कागद नाही एवढ्यावरून दावा फेटाळू नये, इतर पुरावेही तपासावेत, ही गोष्ट त्या लढाईतून पुढे आली. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा मानला गेला. दंडाची पावती ज्याला गुन्हेगार ठरवायची, त्याच्याच ताब्याचा ती दाखला झाली. मला हा बदल फार मोठा वाटतो.

हे सगळं धर्मांतरासाठी तर नव्हतं, अशी शंका अनेकांना येते. कष्टकरी संघटना ही चर्चची शाखा नव्हती. तिच्या मागण्या जमिनीच्या, मजुरीच्या आणि वनहक्काच्या होत्या आणि तिचं मोजमाप त्यावरच व्हायला हवं.

आता ॲमेझॉन. तिथलं कॅथलिक काम पोप फ्रान्सिस यांच्या कितीतरी आधीचं. ब्राझीलच्या बिशपांनी १९७२ साली आदिवासींसाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली. लष्करी राजवट तेव्हा जंगल कापत रस्ते काढत होती. डोरोथी स्टँग या मूळ अमेरिकन धर्मभगिनी पारा राज्यात भूमिहीन शेतकऱ्यांसोबत राहत होत्या. जंगल राखून शेती करू पाहणाऱ्या त्या कुटुंबांच्या जमिनीवर गुरांच्या कुरणवाल्यांचा डोळा होता. १२ फेब्रुवारी २००५ रोजी अनापू गावाजवळ स्टँग यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या ७३ वर्षांच्या होत्या.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात याच अनुभवाला चर्चच्या अधिकृत शिकवणुकीत जागा दिली. आदिवासींना जमीन ही विकायची वस्तू वाटत नाही, आणि त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा बोलणी सर्वांत आधी त्यांच्याशी व्हावीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात ॲमेझॉनसाठी खास धर्मसभा भरली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकननं आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांचा आधार घेऊन युरोपीय सत्तांनी मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या होत्या. त्या ‘शोधाच्या सिद्धांता’ला व्हॅटिकननं जाहीरपणे नाकारलं. जंगलाशी चर्चचा संबंध असा जुन्या अपराधाचाही आहे.

पण हे चित्र सगळीकडे सारखं नाही. सह्याद्रीतही सदाहरित जंगल आहे, आणि त्याच्या रक्षणासाठी पुण्याच्याच परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २०११ साली अहवाल दिला. ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, हा त्याचा गाभा होता. त्याला केरळात ज्यांनी कडाडून विरोध केला, त्यांत इडुक्की आणि तामरसेरीचे कॅथलिक धर्मप्रांत आघाडीवर होते. तिथले भाविक मुख्यतः डोंगरात येऊन वसलेले शेतकरी. जमीन जाईल ही त्यांची भीती खरी होती, तरी अहवालात नसलेल्या गोष्टींचा बागुलबुवा उभा करणं चूकच होतं. धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, कोण राहतं, यावर तिथल्या चर्चची भूमिका पुष्कळ ठरते, असं माझं मत आहे. वारली पाड्यावर राहणारा फादर आणि मिरी-वेलचीच्या मळ्यातला फादर यांना एकच जंगल वेगळं दिसतं.

शेवटी पुण्याचा संबंध. झारखंडमधले फादर स्टॅन स्वामी यांनी आदिवासींची जमीन, आदिवासी भागांसाठीची राज्यघटनेतली पाचवी अनुसूची, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आणि तुरुंगात खितपत पडलेले आदिवासी तरुण यांसाठी कित्येक वर्षं काम केलं. शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात, ८३ वर्षांच्या या कंपवातग्रस्त माणसाला राष्ट्रीय तपास यंत्रणेनं ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक केली. त्यांनी आरोप नाकारले होते. जामीन न मिळताच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्यांच्यावरचा खटला चाललाच नाही. वयानं आणि आजारानं इतक्या खचलेल्या माणसाला जामीन नाकारला गेला, हे मला अन्यायाचं वाटतं.

तुम्ही पुण्यात राहता, म्हणून एक विनंती. भीमाशंकरचं सदाहरित जंगल आपल्याच जिल्ह्यात आहे आणि महादेव कोळी समाजाची गावं त्या अभयारण्याच्या आत-बाहेर वसलेली आहेत. दर्शनाला किंवा शेकरू बघायला जाल, तेव्हा गावात थोडा वेळ थांबा आणि सामूहिक वनहक्काचा दावा कुठवर आला आहे, हे तिथल्या लोकांना विचारा.