टक्का नेमका कशाचा?

एम-थ्रीमध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्म सोडवणारे आपण, सातवीच्या शेकडेवारीत कशाला अडकू, असं मलाही वाटायचं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये वाण्याच्या दुकानात माझी चांगलीच विकेट गेली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आई २३६ रुपयांची शाम्पूची बाटली घ्यायला गेली, सोबत मी. काकांनी २१० रुपये सांगितले. मी लगेच हिशेब केला: १८ वजा ५ म्हणजे १३ टक्के, २३६ चे १३ टक्के ३० रुपये ६८ पैसे. मग २६ रुपयेच कमी का? "काका, तुम्ही फसवताय," असं चार गिऱ्हाइकांसमोर बोलून मोकळी झाले.

काका चिडले नाहीत. बिलाच्या मागे त्यांनी लिहिलं: कर सोडून किंमत २००. त्यावर १८ टक्के म्हणजे ३६, झाले २३६. आता ५ टक्के म्हणजे १०, झाले २१०. म्हणाले, "बाळ, कर २०० वर लागतो, तू २३६ वर मोजलास." २६ भागिले २३६, म्हणजे घट साधारण ११ टक्के! मी सॉरी म्हटलं. आई घरी येईपर्यंत बोलली नाही.

तेव्हापासून घटीचं गणित दिसलं की मी आधी विचारते, टक्का कशाचा? सूत्र सोपं आहे:

घट टक्के = (जुनी किंमत – नवी किंमत) ÷ जुनी किंमत × १००

भागायचं नेहमी जुन्या किमतीने. आता अॅप्टिट्यूड टेस्टमध्ये हमखास येणारे तीन प्रकार बघू.

१) सुटीवर सूट: १००० रुपयांच्या ड्रेसवर "५० + २० टक्के सूट". ७० टक्के नव्हे! आधी ५०० उरले. पुढचे २० टक्के या ५०० चे, म्हणजे १००. द्यायचे ४००, एकूण सूट ६० टक्के. थोडक्यात, उरलेल्या भागांचा गुणाकार करा: ०.५ × ०.८ = ०.४.

२) उलटं गणित: २० टक्के सूट जाऊन बूट ९६० ला मिळाले. मूळ किंमत? ९६० मध्ये २० टक्के मिळवले की ११५२ येतात, आणि तिथेच मार्क जातात. ९६० हे मूळ किमतीचे ८० टक्के आहेत. म्हणून ९६० ÷ ०.८ = १२००.

३) पडणं आणि सावरणं: सेन्सेक्स २००७ च्या अखेरीस सुमारे २०,२८७ होता, २००८ च्या अखेरीस सुमारे ९,६४७. घट ५२ टक्क्यांच्या वर. २००९ मध्ये तो ८१ टक्के वाढला. ५२ पेक्षा ८१ मोठे, म्हणजे भरून निघालं? छे! तो १७,४६५ च्या आसपासच पोहोचला. कारण ही वाढ लहान झालेल्या आकड्यावरची होती. जुन्या जागी यायला ११० टक्के वाढ लागली असती.

जाता जाता एक तुमच्यासाठी: साखर २५ टक्के महागली. खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्के कमी करावा? २५ म्हणालात तर पुन्हा पहिल्यापासून वाचा. १०० ऐवजी १२५ रुपयांत जेवढी साखर येते, त्यातली १०० रुपयांचीच घ्यायची. १२५ पैकी २५ गेले, म्हणजे २० टक्के.

आणि हो, दुकानदारावर आवाज चढवण्याआधी एकदा भागाकार करून बघा!