प्रणाली निवडण्याआधी माणूस शोधा

आमच्या नात्यागोत्यात कोणाचा संगणक रुसला की फोन मला येतो. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. संगणक नोकरीत शिकले आणि पुढे हौसेने वाढवला. त्यामुळे ‘विंडोज घेऊ की ते फुकटातलं लिनक्स टाकू?’ हा प्रश्न लग्नात, बारशात, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा माझ्या पानाशेजारी येऊन बसलेला आहे.

अलीकडे तो जास्तच येतो, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. घराघरांतले धडधाकट संगणक यात बसत नाहीत. आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. तो चालतच राहतो. फक्त नव्याने सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळं मिळत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय कंपनीने जाहीर केली, पण ती नोंदणी करणाऱ्यांनाच आणि तीही मुदतीपुरतीच. मग पुढे काय, म्हणून लोक विचारतात.

बहुतेकांचा हिशेब पैशापासून सुरू होतो: एक विकत, दुसरं मोफत. अनेक घरांतले संगणक सांभाळल्यावर माझं मत असं झालं आहे की पैसा ही यातली सगळ्यात सोपी बाब. कुठलीही प्रणाली घ्या, ती कधीतरी अडणारच. अडेल त्या दिवशी तिच्यासमोर कोण बसणार, हे ज्या घराला ठाऊक असतं तिथे दोन्ही प्रणाली सुखाने नांदतात. ठाऊक नसेल तर दोन्ही महाग पडतात.

मिरजेच्या आत्याचंच घ्या. तिच्या संगणकाचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, हार्ड डिस्क जुनी, सुरू व्हायला चहा होऊन जाईल इतका वेळ. लायसन्सवर खर्च करण्यापेक्षा त्याच्या काही भागात एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट टाकलं. मिंटमध्ये मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, घड्याळ उजवीकडे, म्हणजे विंडोजची सवय असलेल्याला परकं वाटू नये अशी मांडणी. आत्या मराठीची शिक्षिका होती. तिची पहिली हरकत होती ती टायपिंगची. इनस्क्रिप्टचा कळफलक दोन्ही प्रणालींत तोच आहे. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डीवर हलन्त, मग य. ‘दऱ्या’मधला ऱ्य नीट उमटला तेव्हा तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाली, “हां, आता ठेव.” वीजबिल, बँक, वर्तमानपत्रं, लेकीशी व्हिडिओ कॉल, सगळं ब्राउझरमधून चालू झालं. पणजोबांच्या मोडी पत्रांचं देवनागरी लिप्यंतरही ती त्यावरच करू लागली.

मग एका पावसाळ्यात वीज गेली-आली आणि एसएमपीएस जळला. मी पुण्यात, संगणक मिरजेत. आतोबांनी जवळच्या दुकानातून मुलगा बोलावला. पॉवर सप्लाय बदलणं एवढंच काम होतं. त्याने संगणक दुकानात नेला, एसएसडी काढून स्वतःच्या विंडोजच्या संगणकाला जोडली. लिनक्स ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली मांडतं, ती विंडोजला आपणहून वाचता येत नाही. ते सरळ विचारतं, ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायची का?’ मुलाला वाटलं, डेटा उडालेलाच आहे. संध्याकाळी संगणक घरी आला. “काका, डिस्क करप्ट झाली होती. फ्रेश विंडोज मारून दिलंय, ओरिजिनल. त्याचे पैसे नाही लावले.” लिप्यंतरातली मला मेलवर पाठवलेली पानं तेवढी वाचली.

त्या मुलावर मी रागावले नाही. तो उद्धट नव्हता, लबाडही नव्हता. त्याच्या कामात रोज जे येतं तेच त्याने केलं. लिनक्स चांगलं की वाईट, याचाही इथे संबंध नाही. त्या गल्लीत ते ओळखणारा कोणी नव्हता, इतकंच. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत मुक्त प्रणाली गेली कित्येक वर्षं चालते, कारण तिथे आधी शिक्षकांना तयार केलं गेलं. घरातही तसंच आहे. आता आत्याच्या कॅबिनेटवर मी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘यात लिनक्स आहे. डिस्क रिकामी दिसली तरी फॉरमॅट करू नये.’ खाली माझा नंबर. तुम्ही वडीलधाऱ्यांच्या घरी लिनक्स टाकणार असाल तर पहिल्या दिवशी ही चिठ्ठी लावा, आणि एक्सटर्नल डिस्कवर बॅकअप ठेवा. ती डिस्क मात्र एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या, म्हणजे दोन्ही प्रणालींना वाचता येते.

आता ते ‘ओरिजिनल’. दुकानातून फुकट मिळणारं विंडोज बहुधा कसलं असतं, हे मी भाच्याच्या लॅपटॉपवर जवळून पाहिलं. त्याने विंडोजशिवायचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘डॉसवाला’ म्हणतात तो लॅपटॉप घेतला. विक्रेत्याने त्यात विंडोज घालून दिलं. पुढे त्याच्या मेलवरून ओळखीपाळखीत भलतेसलते संदेश जायला लागले. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्टिव्हेशन उघडलं, तर तिथे लिहिलेलं: ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे विंडोज सक्रिय आहे’. कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या खासगी लॅपटॉपवर कसली आलीय संस्था? मोठ्या कार्यालयांसाठी असलेल्या व्यवस्थेचं सोंग आणणारा क्रॅक आत बसवला होता. तो चालावा म्हणून विंडोजच्या व्हायरस-राखणदाराला, डिफेंडरला, सांगून ठेवलं होतं की अख्खी सी ड्राइव्ह तपासू नकोस. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

ही तपासणी तुम्हीही करा, दोन मिनिटांचं काम आहे. ॲक्टिव्हेशनमध्ये संस्थेचा उल्लेख येतो का ते बघा. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस संरक्षणाच्या सेटिंग्जखाली ‘एक्सक्लूजन्स’ची यादी असते, ती उघडा. घरच्या संगणकावर ती बहुधा रिकामी असावी. अख्खी ड्राइव्ह तर तिथे कधीच नसावी. चोरीची आज्ञाप्रणाली जाणूनबुजून वापरणं हा प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ बीखाली गुन्हाही आहे, पण घरी खरा धाक पोलिसांचा नाही, त्या यादीचा आहे. म्हणून माझं ठाम मत: विंडोज हवं असेल तर लॅपटॉपबरोबरच घ्या आणि बिलावर त्याचा उल्लेख आहे ना ते पाहा. असं आलेलं लायसन्स त्या यंत्राबरोबरच राहतं, नव्या यंत्रावर नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं नेता येतं. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘लाइफटाइम की’च्या नादी लागू नका. आणि पैसे द्यायचे नसतील तर लिनक्स घ्या. क्रॅक हा तिसरा पर्याय नव्हेच.

विकतच्या विंडोजचीही एक गोम आहे. सोसायटीतल्या एका मुलाने नव्या लॅपटॉपवर लिनक्स चाखून पाहायचं ठरवलं. पेनड्राइव्हवरून सुरू होईना म्हणून त्याने बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. पुढच्या खेपेला विंडोजने निळा पडदा दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप चोरीला गेला तर ही सोय फार मोलाची. पण इथे ते खातं लॅपटॉप विकत घेताना दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच काढलेलं, पासवर्ड कोणालाच आठवेना. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं तेव्हा लॅपटॉप उघडला. हे सगळ्यांच्या नशिबी असेलच असं नाही. तेव्हा नवा लॅपटॉप दुकानात ‘सेट’ करून घेऊच नका. घरी आणा, स्वतःच्या ईमेलने खातं काढा, रिकव्हरी की कागदावर उतरवून जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. बायॉसला हात त्यानंतर.

निवड करताना मी लोकांना आधी वही घ्यायला लावते. संगणकावर आठवडाभर जे जे करता ते लिहा. ब्राउझरमध्ये होणारी कामं एका बाजूला, स्वतंत्र प्रोग्राम लागणारी दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू दोन्ही प्रणालींत सारखीच चालते, ती सोडून द्या. निकाल दुसऱ्या बाजूवर लागतो. घरी बसून हिशेब लिहिणाऱ्यांचं टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल सरकारी पोर्टलांवर चालवायची साधनं बहुतांशी विंडोज गृहीत धरूनच केलेली असतात. फोटोशॉप, सॉलिडवर्क्स लिनक्सवर येत नाहीत. यातलं एकही पोटापाण्याचं असेल तर वाद मिटला, विंडोज घ्या. उलट प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींना लिनक्सवर आयतं अंगण मिळतं.

मराठी लिहिणाऱ्यांची एक वेगळी पंचाईत असते. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले दिवाळी अंकांचे लेख, मंडळांचे अहवाल अनेकांकडे आहेत. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त पडद्यावर देवनागरी चित्रं दिसतात. तो फाँट नसलेल्या कुठल्याही संगणकावर, मग तो विंडोजचा का असेना, इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा दिसतो. लोक त्याचं खापर लिनक्सवर फोडतात. प्रणाली बदलण्याआधी असा मजकूर जुन्या संगणकावरच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, रफार हमखास सरकतो. लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण मूळ फाँट नसेल तर ओळी सरकतात. मांडणी महत्त्वाची असेल तिथे पीडीएफ पाठवावी.

लिनक्सकडे कल झाला तर लगेच काही पुसू नका. पेनड्राइव्हवरून ते नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला धक्का लागत नाही. त्यात वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का, हे पाहा. सगळ्यात शेवटी प्रिंटर, कारण घोडं तिथेच पेंड खातं. स्वस्तातल्या जुन्या लेझर प्रिंटरना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो, तो लिनक्ससाठी नसला की पंचाईत. एअरप्रिंट चालणारे वायफायवरचे नवे प्रिंटर सहसा विनातक्रार लागतात. विंडोज शेजारीच ठेवणार असाल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा; नाहीतर ते अर्धवट झोपतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

मोफत प्रणालीलाही मुदत असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. उबुंटू या लिनक्सच्या दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना अवघे नऊ महिने. घरासाठी एलटीएसच घ्या. मिंटची २२वी मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. आणि डाउनलोड मूळ ठिकाणाहूनच करा, तरीही फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यासाठी जाहीर केलेला ओळख-आकडा, पडताळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी खुद्द मिंटच्या संकेतस्थळात शिरून डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि छुपं दार ठेवलेली प्रणाली लोकांच्या हाती दिली होती. लिनक्सला व्हायरस लागत नाही या भरवशावर कुठूनही उचललेली आज्ञा टर्मिनलमध्ये डकवणारे लोक मी पाहिले आहेत. प्रशासकाचा पासवर्ड दिलात की कुठलीच प्रणाली तुम्हाला वाचवत नाही.

मॅकबद्दलही विचारतात. तिथे यंत्र आणि प्रणाली एकाच घरची, त्यामुळे कटकट कमी. पण जुनं यंत्र नव्या आवृत्तीच्या यादीतून कधी गळेल, ते ॲपल ठरवणार.

माझा सल्ला अखेर एवढाच. घरात किंवा हाकेच्या अंतरावर लिनक्स जाणणारा असेल आणि कामं ब्राउझरमध्ये भागत असतील तर जुन्या संगणकावर एसएसडी आणि मिंट यांच्याइतका चांगला सौदा नाही. तसा माणूस नसेल तर पैसे मोजून विंडोज घ्या. त्यात चूक किंवा कमीपणा काही नाही. दोन्हीकडे, घेण्याआधी तीन गोष्टी नावानिशी लिहून काढा: बिघडलं तर कोणाला बोलवायचं, पासवर्ड आणि रिकव्हरी की कोणाजवळ आहे, बॅकअप कोण घेणार. एखाद्या ओळीपुढची जागा कोरी राहिली तर खरेदी पुढे ढकला. फोनवरून, म्हणजे उंटावरून, शेळ्या हाकणाऱ्या माझ्यासारख्या आत्या-मावश्यांवरही थोडी दया होईल.