कोड कुणाचा, दोष कुणाचा



काच, सेंट्रल लॉक, वायपर, इंडिकेटर ही कामे आजच्या बऱ्याच मोटारींत बटणापासून थेट वायरने होत नाहीत. बटणाचा इशारा जवळच्या मॉड्यूलला, म्हणजे छोट्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला मिळतो, ते त्याचा संदेश करून तारांवर सोडते आणि दुसऱ्या टोकाचे मॉड्यूल मोटर फिरवते. या सगळ्यांच्या मध्यावर बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम असते. संदेश वाहणाऱ्या पिळलेल्या तारांच्या जोडीला कॅन बस म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ती मांडली. कॅनवरचा संदेश कुणा एकाच्या पत्त्यावर जात नाही. दवंडीसारखा तो सगळ्यांना ऐकू येतो आणि ज्याला गरज तो उचलतो. त्यामुळे एखादे मॉड्यूल गप्प झाले, तर बोभाटा करतात ती त्याच्या संदेशाची वाट पाहणारी इतर मॉड्यूल.

म्हणून दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर यू०१४० हा कोड दिसला, तर त्याचा अर्थ इतकाच की कोड नोंदवणाऱ्या मॉड्यूलला बीसीएमचे संदेश मिळेनासे झाले. बीसीएम जळाले असे तो कोड सांगत नाही. फ्यूज उडालेला असेल, अर्थिंग गंजलेले असेल, तार तुटलेली असेल. तरीही कोड वाचला की मॉड्यूल बदला, अशी घाई पुष्कळ ठिकाणी होते. नवे मॉड्यूल महाग असते, अनेक मोटारींत ते किल्ली आणि इमोबिलायझरशी पुन्हा जुळवावे लागते, आणि दोष तारेतच असेल तर गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जातात. हा सरळ अन्याय आहे, आणि थोड्या मोजमापाने तो टळतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी. बॅटरी उतरलेली असली की स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली येते, मॉड्यूल अर्धवट बंद पडतात आणि यू मालिकेतले, म्हणजे संदेश तुटल्याचे कोड ढिगाने साठतात. मग सगळ्या मॉड्यूलचे कोड लिहून घ्यावेत. पुसण्याची घाई करू नये. सतत चुकीचे संदेश टाकणारे मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजत असते, आणि ती मोजणी २५५ च्या पुढे गेली की ते आपणहून बसपासून बाजूला होते. काही वेळाने ते परत येऊ शकते. गाडी गॅरेजात आली की सगळे ठीक चालते, त्याचे एक कारण हेच. अशा वेळी साठलेला कोड हाच पुरावा उरतो.

पुढचा प्रश्न: स्कॅनरला कोण उत्तर देते आणि कोण देत नाही? एकच मॉड्यूल गप्प असेल तर त्याचा सप्लाय, त्याचे अर्थिंग आणि बसपासून त्याच्याकडे जाणारी तारांची फांदी तपासावी. येथे नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नये. एका धाग्यावर टिकलेली तारही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. कपलर काढून वायरिंगच्या बाजूने सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब लावावा. तो मंद पेटला तर दोष तिथेच आहे. कॅनच्या तारांना मात्र बल्ब कधीही लावू नये.

सगळीच मॉड्यूल गप्प असतील तर बस मोजावी. बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबावे आणि स्कॅनर जोडण्याच्या ओबीडी सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमधला रेझिस्टन्स पाहावा. हायस्पीड कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून उत्तर ६० च्या आसपास यावे. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. बॅटरी जोडून इग्निशन चालू केल्यावर जोडीतली कॅन हाय ही तार अडीच व्होल्टच्या किंचित वर आणि कॅन लो ही किंचित खाली दिसते. एखादी तार शून्यावर किंवा बाराच्या घरात अडकली असेल, तर एकेक कपलर काढत जावे. ज्याच्या काढण्याने बस जिवंत होते, ते मॉड्यूल किंवा त्याची फांदी दोषी.

पण आधी वायरिंगचा नकाशा बघितलाच पाहिजे. अनेक मोटारींत सॉकेट आणि बॉडी नेटवर्क यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे दोन नेटवर्कमधला दुवा असतो, त्यामुळे सॉकेटवरचे मोजमाप बॉडीच्या तारांबद्दल काहीच सांगत नाही. काही जुन्या गाड्यांत बॉडीसाठी संथ, दोष सोसणारा कॅन असतो. त्याला ६० ओहमचा नियम लागू नाही, आणि शांत असताना त्याची एक तार शून्याजवळ, दुसरी पाच व्होल्टजवळ असते. रेन सेन्सर किंवा काचेची बटणे बहुधा लिन नावाच्या एकतारी बसवर असतात. लिनवरच्या एका घटकाने ती तार अर्थला ओढली की तिची सगळी शाखा मरते.

दोषाच्या जागा मात्र ठरलेल्या असतात आणि अनुभवी डोळा तिथेच आधी जातो. दार रोज उघडते-मिटते, त्यामुळे बिजागरीजवळच्या रबरी नळीत तारा आतून तुटतात आणि वरचे आवरण शाबूत राहते. कोकणातल्या पावसात काचेखालच्या जाळीत पाने अडकतात, पाणी आत उतरते आणि डॅशखालच्या कपलरच्या पिना हिरव्या पडतात. उभ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात. बाहेरून बसवलेले अलार्म, दिवे, म्युझिक सिस्टीम यांची जोडणीही संशयास्पद मानावी. कॅनच्या तारेवर चिकटपट्टीने मारलेला जोड पावसाळा काढत नाही.

दुरुस्ती करताना दोन्ही तारांचा पीळ शक्य तितका जोडापर्यंत राखावा, लांब नवी फांदी काढू नये आणि तपासणीसाठी आवरणाला सुई टोचू नये. त्या भोकातून ओल शिरते. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरमध्ये मीटर घालू नये. काम झाल्यावर कोड पुसून गाडी चालवावी. नंतर ती बंद करून मॉड्यूल झोपण्याची वाट पाहावी, यास काही गाड्यांत अर्धा तासही लागतो, आणि बॅटरीतून वाहणारा करंट मोजावा. तो सहसा ५० मिलिअँपिअरच्या खाली असतो. त्याहून जास्त राहिला तर नेटवर्कवर बहुधा कुणीतरी अजून जागे आहे, आणि तपास पुढे चालू ठेवावा.